भुलीतलं बोलणं

राहीबाईने तोंडातली कवळी काढली, लेकीच्या तळहातावर ठेवली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. दात खरे आहेत का म्हणून नर्सने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा राहीबाईने ठणकावून सांगितलं होतं, की खरेच आहेत. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तिच्या डोक्यात काहीतरी आलं. कवळी नसली की तिचं बोलणं कोणाला धड कळत नसे. घरी ती घासायला काढली की सून प्रत्येक वाक्याला काय म्हणालात, काय म्हणालात करायची. म्हणजे नसलेली बरीच की, असं राहीबाईने मनाशी म्हटलं आणि मुकाट्याने दात काढून दिले. नर्सला वाटलं, म्हातारी एकदाची वळणावर आली.

लेकीने, म्हणजे पुष्पावतीने, कवळी रुमालात गुंडाळून पिशवीत घातली. पुष्पावती चाळिशीची, सुप्याला दिलेली; आईचं ऑपरेशन म्हटल्यावर घरदार सासूवर सोपवून आली होती. धाकटा अमृत बाहेर व्हरांड्यात फाईल छातीशी धरून उभा होता. त्याची बायको मोनिका गाईंच्या धारा कोण काढणार म्हणून सोनईलाच, वस्तीवर राहिली होती.

गाठ दिवाळीच्या सुमारास आली. मानेच्या उजव्या अंगाला, कानाच्या खाली, आधी शेंगदाण्याएवढी, मग लिंबाएवढी. राहीबाईने महिनाभर हळदीचा लेप लावला, सोनईच्या डॉक्टरने पंधरा दिवस गोळ्या दिल्या, नगरला दोनदा सुई घालून तपासणी झाली; गाठ कोणालाच दाद देईना. शेवटी नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ खोल आहे, मोठ्या शिरेला लागून आहे, नुसती जागा बधिर करून भागायचं नाही. पूर्ण भूल देऊ, गाठीचा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. अमृतने त्यातलं तुकडा एवढंच ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. राहीबाईने भूल ऐकलं.

गाठीची तिला भीती नव्हती असं नाही. पण पासष्टी ओलांडली होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि जायचं ते जायचंच एवढी समज तिला होती. भुलीचं तसं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या रंगुबाईने एकदा शेंगा फोडता फोडता गावातल्या श्रीमंत नावाच्या एकाच्या बायकोची गोष्ट सांगितली होती. तिची गर्भपिशवी काढली तेव्हा भूल उतरता उतरता ती बाई अर्धा तास बोलायची थांबली म्हणून नाही. कोणत्या जावेने कोणाचं तूप चोरलं, दिराने शेताच्या बांधावरून कोणाला काय शिव्या दिल्या, सगळं बाहेर, आणि तेही जाऊबाई उशाशी बसलेली असताना. भुलीत माणसाला खोटं बोलताच येत नाही, आतलं असेल तेवढं सगळं ओकून टाकतं, असा रंगुबाईचा निर्वाळा होता. बाया हसून हसून लोळल्या. राहीबाईही हसली होती. नगरच्या डॉक्टरांच्या खुर्चीसमोर तिला ते हसणं आठवलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

कारण तिच्या पोटात एक गोष्ट होती, बावीस वर्षांची. पुष्पावती बारावी झाली आणि तिने नर्सच्या ट्रेनिंगला अर्ज केला. निवड झालेल्या मुलींची यादी नगरला सरकारी दवाखान्यातल्या फळ्यावर लागणार होती. एकट्या पोरीला नगरला कोण पाठवतंय, म्हणून यादी बघायला तिचा बाप गेला, पुंजाराम. यादीत नाव होतं. नाव नव्हतं असं पुंजारामने घरी सांगितलं, आणि ते त्याला सांगायला लावलं राहीबाईने. सुप्याचं स्थळ चालून आलं होतं, मुलगा कंपनीत कायम होता, आणि नर्सचं काम म्हणजे रातपाळ्या. आठ दिवसांत कागद घेऊन हजर व्हायचं होतं. ते आठ दिवस उलटले आणि महिनाभरात पुष्पावतीच्या अंगाला हळद लागली. पुंजाराम वारल्यावर ही गोष्ट एकट्या राहीबाईपाशी उरली.

पुष्पावतीला हे कळलं तर ती या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, हे राहीबाईला पक्कं ठाऊक होतं. अमृत वाईट नव्हता, पण त्याला आईचं दुखलंखुपलं कळायला दोन दिवस लागायचे. पुष्पा सुप्याहून नुसत्या आवाजावरून ओळखायची, की आज गुडघा धरलाय. तिचा फोन रोज सकाळी नऊला यायचा आणि राहीबाई पावणेनऊपासून मोबाईल मांडीवर घेऊन बसायची. तो फोन बंद झाला तर पुढचे दिवस कसे काढायचे, हे तिला सुचत नव्हतं.

आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर तपासायला आले, तेव्हा तिने पुष्पावतीला चहा आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, भुलीत माणूस बोलतं का म्हणून. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. जाग येताना कोणी कोणी काहीबाही पुटपुटतं म्हणाले, घाबरायचं कारण नाही आजी, आम्ही काही ऐकत नाही. राहीबाईला त्यांच्या त्या बोलण्याचा भरवसा वाटेना. आणि ऐकणारं माणूस डॉक्टर नव्हतंच. मग तिने अमृतला जवळ बोलावून बजावलं, की मला बाहेर आणतील तेव्हा उशाशी तूच बसायचं, ताईला बाहेर ठेवायचं, ती फार हळवी आहे. अमृतने मान डोलावली. पण बायकांच्या वॉर्डात पुरुषाने थांबायचं नाही असा तिथला नियम होता, आणि वॉर्डातल्या मावशी त्या बाबतीत अमृतच्या बापालाही ऐकल्या नसत्या.

आतली खोली थंडगार होती. जीभ दातांखाली घट्ट धरून ठेवावी असा विचार राहीबाईच्या मनात आला, तर दात पिशवीत. मग तिने मढीच्या कानिफनाथाचं नाव घ्यायला सुरुवात केली. तोंडात एकच नाव घोळत ठेवायचं, म्हणजे बाहेर पडलंच तर तेवढंच बाहेर पडेल, असा तिचा बेत. हिरव्या कपड्यातल्या कोणीतरी नाकातोंडावर मास्क धरला आणि मोठा श्वास घ्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या श्वासाला तिला कानिफनाथ आठवत होता. तिसरा तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा घसा सोलवटलेला होता आणि मानेला जाड पट्टी होती. उशाशी स्टुलावर पुष्पावती होती. तिचे डोळे सुजलेले, नाक लाल, आणि नजर सलाईनच्या बाटलीवर. राहीबाईने तिच्याकडे बघितलं तसं तिने तोंड फिरवलं आणि बाटलीतले थेंब मोजायचं काम असल्यासारखी वर बघत राहिली.

"मी काय बोलले का गं?" राहीबाईने विचारलं. आवाज घोगरा आणि बिनदाताचा.

"न्हाई. गप पड."

ते न्हाई फार लवकर आलं होतं. राहीबाईने डोळे मिटून घेतले. तिला कळलं, की झालं, ओकलो आपण सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. तपासणीचा रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. टाके निघेपर्यंत मी थांबते, असं पुष्पावतीने सुप्याला कळवलं, आणि राहीबाईला ते बरंही वाटलं आणि धडकीही भरली.

वस्तीवर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी नारळ, कोणी बिस्किटांचे पुडे, कोणी दोन मोसंबी. आलेलं प्रत्येक माणूस आधी राहीबाईच्या मानेकडे बघायचं, मग खाली बघायचं, मग गाठ किती मोठी होती ते विचारायचं आणि आपल्या नात्यातल्या कोणाची तरी गाठ काढून बसायचं. राहीबाईला बोलायला त्रास होतो म्हणून उत्तरं पुष्पावती द्यायची. तुकडा तपासायला दिलाय, आठ दिवसांत कळंल, काळजीचं काय न्हाई. हे ती इतक्या सपाट आवाजात म्हणायची की विचारणारं गप्प व्हायचं. रंगुबाई आली तेव्हा राहीबाईने डोळा लागल्याचं सोंग घेतलं.

घरातले सगळेच विचित्र वागत होते. मोनिका एरवी कामाची बाई, गोड बोलण्यात वेळ घालवायची नाही. ती आता आई, शिरा करू का, आई, पाय चेपू का करायला लागली. अमृतने आईसाठी म्हणून उभ्या जन्मात काही आणलं नव्हतं, त्याने नेवाशाहून मऊ रग आणला. तिघं ओसरीवर बोलत असले आणि राहीबाई उंबऱ्यात आली की बोलणं तुटायचं, आणि तिघांनाही एकदम गाईंची आठवण व्हायची. राहीबाईने त्याचा अर्थ लावला. पुष्पाने दोघांना सांगितलंय, आणि दुखणाईत माणसाला आत्ता काही बोलायचं नाही असं ठरलंय.

पुष्पावती मात्र बोलतच नव्हती. कामापुरतं तेवढं. गोळी घे, पाणी घे, मान वळवू नको. एक दिवसाआड पट्टी बदलायची ती तीच बदलायची. पहिल्यांदा ते करायला सोनईच्या डॉक्टरचा कंपाउंडर बिभीषण आला होता. त्याने एकदा करून दाखवलं आणि पुढच्या खेपेला पुष्पावतीने केलं. चिमट्याने कापूस धरणं, आतून बाहेर पुसत जाणं, हात कसा तो लागतही नव्हता. बिभीषण बघतच राहिला. म्हणाला, ताई, तुम्ही कुठं सिस्टर होता का? पुष्पावती नाही म्हणाली आणि चिकटपट्टी दाबून बसवली. राहीबाई तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

आणि हा अबोला तिच्या ओळखीचा होता. तो तिने चौदा वर्षं बघितला होता, फक्त तेव्हा तो बापासाठी होता. पहिल्या बाळंतपणानंतर पुष्पावतीने पुंजारामशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. दिवाळीला यायची, घर सारवून काढायची, बापाचे कपडे धुवायची. पण त्याच्याशी शब्द नाही. पुंजाराम अंथरुणाला खिळला तेव्हाही ती आली, पंधरा दिवस राहिली. त्याने पाणी मागितलं की तांब्या भरून आणायची आणि अमृतच्या हातात द्यायची. राहीबाईने दोघांनाही खोदून खोदून विचारलं होतं. लेक म्हणायची, बोलते की. नवरा म्हणायचा, तिला तिकडं काम लई असतं, थकती पोर. बाळंतपणाला माहेरी न्यायला उशीर केला त्याचा राग असेल, असं राहीबाईने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. आता तोच अबोला तिच्या वाट्याला आला होता, आणि या वेळी कारण शोधावं लागत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी अमृत मोटारसायकल काढून रिपोर्ट आणायला नगरला गेला. मोनिका गोठ्यात होती. पुष्पावतीने ओसरीवर उजेडात बाज ओढली, राहीबाईला भिंतीशी टेकवून बसवलं, हात साबणाने धुतले आणि पट्टी सोडवायला घेतली. तिचा चेहरा राहीबाईच्या कानापासून वीतभर अंतरावर होता आणि तरी ती दिसत नव्हती, कारण मान वळवायची नव्हती. आठ दिवस राहीबाईने सोसलं होतं. आता मरायचं असेल तर असं लेकीच्या हाताखाली, तिचा अबोला सोसत मरायचं नाही, असं तिला झालं.

"पुष्पे," ती म्हणाली, "मी भुलीत बोलले त्ये खरं हाय."

मानेवरचा हात थांबला.

"काय बोललीस?"

"आता आनखी सोंग नको गं. यादीत तुझं नाव हुतं. सातवं हुतं. तुझ्या आण्णांनी नाव न्हाई म्हनून सांगितलं, त्ये मी सांगायला लावलं."

मग ती थांबली नाही. घसा दुखत होता तरी सांगत राहिली. पुंजाराम त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने आला तो अर्धा किलो पेढे घेऊनच आला. फाटकातूनच हाक मारणार होता, तेवढ्यात तिने त्याला गोठ्यामागे ओढलं. सुप्याची माणसं रविवारी यायची होती. पोरगी दोन वर्षं नगरला राहिली की हातची जाईल, तिथनं नोकरीला कुठे टाकतील देव जाणे, मग ती आपली कसली, असं सगळं ती बोलली. तो नको नको म्हणत होता. पोरीनं अभ्यास केलाय गं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी तिने अन्न सोडीन म्हणून सांगितलं, आणि तो माणूस उभ्या आयुष्यात तिच्यापुढे कधी टिकला नव्हता. त्याने आत जाऊन सांगितलं, नाव नाही. पेढ्यांचं काय, तर गणपतीचा प्रसाद. पुष्पावतीने रडता रडता त्यातले दोन खाल्ले होते.

"त्यांनी काय केलं न्हाई. समदं मी केलं," राहीबाई म्हणाली. "आता तुला काय बोलायचं त्ये बोल. पर अशी गप ऱ्हाऊ नको."

पुष्पावतीने चिमटा वाटीत ठेवला. गोठ्यात मोनिका गाईवर खेकसली.

"भुलीत तू कायबी बोलली न्हाईस," पुष्पावती म्हणाली. "पानी मागत हुतीस. आन् कानिफनाथाचं नाव घेत हुतीस. दुसरं काय न्हाई."

राहीबाईला आधी ते नीट कळलंच नाही.

"मग तू माझ्याशी बोलत का न्हाईस?"

"डॉक्टर बाहेर येऊन म्हनले, गाठ चांगली दिसत न्हाई. रिपोर्ट येईस्तोवर तुला सांगायचं न्हाई असं आमी ठरवलं. तुझ्याकडं बघितलं का मला रडू यायचं, म्हनून बघत न्हवते."

म्हणजे कोणी विचारलं नव्हतं, कोणाला काही माहीत नव्हतं, आणि ती शुद्धीवर असताना, तोंडात कवळी घालून, स्पष्ट शब्दांत सगळं सांगून बसली होती. राहीबाईने बाजेची दोरी मुठीत धरली. गाठीचं जे ऐकलं ते तर तिच्या ध्यानातही शिरलं नाही. बोललेलं परत घ्यायची काही सोय असती तर तिने त्या घटकेला गाठही पत्करली असती.

"यादीत नाव हुतं, त्ये मला म्हाईत हुतं," पुष्पावती म्हणाली.

तिचा आवाज अजूनही सपाटच होता. तिने सांगितलं, पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात ड्युटीवर पंकजा होती, तिच्याच वर्गातली. पंकजाचं नाव मागे राहिलेल्या मुलींच्या यादीत होतं, पहिलंच. तू हजर झाली नाहीस म्हणून मला जागा मिळाली गं, असं ती पुष्पावतीचा हात हातात घेऊन म्हणाली. तिला वाटलं, लग्न ठरलं म्हणून पुष्पाने आपणहून सोडलं. ती उपकार मानत होती.

"घरी आल्यावर मी आण्णांना इचारलं," पुष्पावती म्हणाली. "तू रंगुबाईकडं गेल्तीस. ते वासराला पानी दाखवत हुते. म्हनलं, नाव हुतं का? म्हनले, हुतं. म्हनलं, मग? तर म्हनले, मीच नको म्हनलो."

राहीबाईने मुठीतली दोरी सोडली.

"तुझ्या आईला यातलं काय म्हाईत न्हाई, म्हनले. तिला इचारू नको, तिला लई वाईट वाटंल."

ओसरीवर ऊन सरकत बाजेच्या पायापर्यंत आलं होतं. पुष्पावतीने पुन्हा हात धुतले, पुन्हा चिमटा घेतला, कापूस औषधात बुडवला आणि जखम पुसायला लागली. आतून बाहेर. तिचा हात पूर्वीसारखाच हलका होता, आणि ते राहीबाईला सोसवेना. चौदा वर्षं तो माणूस दिवाळीला लेकीच्या तोंडाकडे बघत ओसरीच्या याच कोपऱ्यात बसायचा. आपण त्याला म्हणायचो, तुम्हीच काहीतरी वावगं बोलला असाल, लेकरू उगाच कशाला रुसंल. तो म्हणायचा, आसंल. राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. लेकीसाठी की त्याच्यासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात पुष्पावतीचा मोबाईल वाजला. अमृत होता. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की फोन कानाला लावायचीही गरज नव्हती. गाठीचा टीबी आहे, ताई. दुसरं काही नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत पण नाही म्हणाले. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, म्हातारी ठणठणीत होईल म्हणाले. आणि मग त्याला पुढे बोलता येईना आणि तो दवाखान्याच्या दारात, चारचौघांत, हुंदके द्यायला लागला.

मोनिका हात पुसत धावत आली. तिने आधी सासूला मिठी मारली, मग देवापुढे साखर ठेवली, मग शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात रंगुबाईला हाक मारून बातमी दिली. राहीबाई वाचली होती. अजून दहा वर्षं, कदाचित पंधरा. ती बाजेवर टेकून ताठ बसून होती आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने तिला सुचेनासं झालंय.

चहा झाल्यावर पुष्पावतीने मोनिकाला शेजारी बसवलं.

"हे बघून घे," ती म्हणाली. "परवापास्नं तुला करायचंय."

टाके निघेपर्यंत थांबते म्हणाली होती, हे मोनिकाला आठवलं. पण नणंदेच्या आवाजात असं काही होतं, की तिने विचारलं नाही. पुष्पावतीने नुकतीच लावलेली पट्टी सोडवली आणि सगळं पहिल्यापासून केलं. हात किती वेळ धुवायचे, चिमटा कुठे धरायचा, कापूस एकदा लागला की टाकायचा, पू दिसला तर काय, लाली वाढली तर काय. मग मोनिकाकडून करून घेतलं. तिचा हात जड पडला तसं मनगट धरून पुन्हा करायला लावलं. राहीबाई मान तिरकी करून दोघींच्या मध्ये बसली होती. तिला दोघींचे हात दिसत होते, तोंडं दिसत नव्हती.

"आन् गोळ्या सोता समोर बसून द्यायच्या," पुष्पावती म्हणाली. "घेतली म्हनंल, इस्वास ठेवायचा न्हाई. लई वर्सं जगली पायजे ही."

ते मायेने म्हटलं की कसं, हे राहीबाईने कान देऊन ऐकलं तरी तिला उमगलं नाही.

बाराच्या सुमारास पुष्पावतीने पिशवी भरली. मोनिकाने तिला कुंकू लावलं, ओटी भरली, दोन किलो बाजरीचं पीठ बांधून दिलं. अमृत येईल, गाडीवर सोडेल म्हणाली, तर पुष्पावती चालत जाते म्हणाली. फाट्यावर दोनची गाडी मिळेल. निघताना ती राहीबाईच्या पाया पडली. दर वेळी पडायची तशीच, दोन्ही हात टेकवून. राहीबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला तोवर ती उठली होती. सकाळच्या फोनचं विचारावं असं राहीबाईच्या अगदी ओठावर आलं, पण विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

फाटकातून बाहेर पडल्यावर रस्ता डावीकडे जातो. पुष्पावती उजवीकडे वळली, उसाच्या कडेने, बांधावरून. तिकडे विहिरीपाशी पुंजारामला अग्नी दिला होता आणि अमृतने तिथे सिमेंटचा लहानसा चौथरा बांधला होता. सहा वर्षांत पुष्पावती तिकडे फिरकली नव्हती. तिने पिशवी खाली ठेवली, चौथऱ्यावरचा पाचोळा हाताने झाडला आणि कडेला बसली.

ओसरीवरून तेवढं दिसत होतं. राहीबाई बाजेवर बसून बघत राहिली. उन्हाची तिरीप तोंडावर आली तरी हलली नाही. फाट्यावर दोनची गाडी आली, थांबली, हॉर्न देऊन निघून गेली. पुष्पावती उठली नाही. एवढ्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिचा हात मधूनमधून हलत होता, समोर माणूस असल्यावर हलतो तसा.

"गाडी गेली वाटतं," मोनिका आतून म्हणाली. "ताईंना मिळाली का?"

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "बापाशी बोलतीया."